आठवणी नसलेले खेळाडू : 'स्टार कंट्रोल 2' आणि नागपूरचा एक उन्हाळा

जुना गेम अजूनही तितकाच भारी आहे, असं सांगणारा माणूस बहुधा चाळिशीपुढचा असतो. त्याने तो शाळेत असताना खेळलेला असतो. गेमबरोबर त्याला सुट्ट्या, मोठ्या भावाचा कॉम्प्युटर, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण असं सगळंच आठवत असतं. त्याचं प्रेम खोटं नसतं, पण साक्षीदार म्हणून तो बाद. गेम टिकलाय की नुसती आठवण टिकलीय, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मीही त्याच वयाचा, त्यामुळे माझीही साक्ष धरू नका.

म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे एका उन्हाळ्यात सातवी ते अकरावीतल्या मुलामुलींनी 1992 सालचा 'स्टार कंट्रोल 2' हा कॉम्प्युटर गेम खेळला. यांच्यापैकी कुणाच्याही घरी या गेमचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. 1992 मध्ये यांचे आईवडीलच शाळेत होते, आणि घरात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा आपल्याकडे अप्रूपाची गोष्ट होती. थोडक्यात, पोट्टे कोरे होते. गेम आवडला तर गेमच्याच गुणांनी आणि नाही आवडला तर त्याच्याच दोषांनी.

परिस्थिती

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांना टेकतो. नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला की दुपारी बारा ते पाच कुणी पोरांना अंगणातही सोडत नाही. क्लासच्या नेहमीच्या तुकड्या सकाळी आणि दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात खोली रिकामी आणि मोठा कूलर चालू. आसपासच्या मुलांना घरी मोबाईलवरून बोलणी बसत होती, त्यामुळे ती एकेक करून क्लासच्या दारात यायला लागली. "सर, एखादा गेम लावून द्या ना."

सरांपुढे दोन अडचणी होत्या. मशीन जुन्या, ग्राफिक्स कार्ड एकातही नाही. मुलं ज्या गेमची नावं घेत होती, त्यातला एकही तिथे चालला नसता. दुसरी अडचण तत्त्वाची. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नये असा कागद सरांनी स्वतःच भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि तो माणूस असा की पोरांसमोर त्या कागदाखाली बसून चोरीची कॉपी लावणार नाही.

'स्टार कंट्रोल 2' या दोन्ही अटींत बसला. मूळ गेम फ्रेड फोर्ड आणि पॉल राइशी यांच्या 'टॉईज फॉर बॉब'ने बनवला आणि अकोलेड कंपनीने डॉस या तेव्हाच्या कॉम्प्युटर प्रणालीवर आणला. 1994 मध्ये तो थ्रीडीओ या कन्सोलवर गेला आणि तिथे पात्रांना आवाज मिळाले. पुढे 2002 मध्ये बनवणाऱ्यांनी त्या थ्रीडीओ आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. 'स्टार कंट्रोल' हे नाव कायद्याने त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून चाहत्यांनी त्या कोडवरून जी आवृत्ती उभी केली तिचं नाव पडलं 'द उर-क्वान मास्टर्स'. ती फुकट आहे, विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, पेनड्राइव्हवर मावते. चित्रं, संवाद आणि संगीत यांच्या परवान्यात मात्र एक अट आहे : धंद्यासाठी वापर नको. सरांनी ती अट नीट वाचली आणि दुपारच्या त्या वेळेची फी घेतली नाही. पोरांना वाटलं सर दिलदार आहेत. तेही खरंच आहे म्हणा.

गेममध्ये काय आहे

साल 2155. दूरच्या एका ताऱ्याभोवती अडकून पडलेल्या माणसांच्या वंशजांकडे एका प्राचीन, नाहीशा झालेल्या जमातीचा कारखाना असतो. त्यात बनलेलं अर्धवट जहाज घेऊन तुम्ही पृथ्वीकडे येता. पृथ्वी हरलेली आहे. उर-क्वान नावाच्या जमातीने तिच्याभोवती लाल ढाल ओढून माणसांना आत कोंडलं आहे. कक्षेत एक मोडकळीला आलेला तळ आहे. तिथला प्रमुख तुम्हाला किरणोत्सारी धातू आणायला सांगतो, कारण तळावर वीजच उरलेली नाही. तिथून पुढे तुम्हाला मोकळं सोडून दिलेलं आहे. पाचशेहून अधिक तारे आणि हजारो ग्रह-उपग्रह. मित्र जमवा, माहिती काढा, उर-क्वानांना हरवा. कसं, ते कुणी सांगत नाही. कामांची यादी नाही, नकाशावर बाण नाही.

खेळण्याचे प्रकार तीन. ग्रहावर छोटं यान उतरवून खनिजं आणि जीव गोळा करायचे. परग्रहवासी भेटले की बोलायचं, म्हणजे दिलेल्या उत्तरांतून एक निवडायचं. आणि बोलणं फिसकटलं तर लढायचं, वरून दिसणाऱ्या मैदानात जहाजाला जहाज भिडवून. ही लढाई 1962 च्या 'स्पेसवॉर!' या गेमची थेट वारसदार आहे. मधोमध एक ग्रह, त्याचं गुरुत्वाकर्षण, आणि दोन जहाजं एकमेकांभोवती घिरट्या घालतायत. लढाईचा भाग मुख्य कथेपासून वेगळा काढून दोघांनाही खेळता येतो. त्यात 25 प्रकारची जहाजं आहेत.

शोधाचा सांगाडा मात्र 1986 च्या 'स्टारफ्लाइट'वरून आलेला आहे. 'स्टारफ्लाइट'च्या रचनाकारांपैकी ग्रेग जॉन्सन हे राइशींचे मित्र होते, आणि 'स्टार कंट्रोल 2'च्या लेखनातही त्यांचा हात आहे. ही वंशावळ सांगण्याचं कारण एवढंच की 1992 मध्येही हा गेम काही आकाशातून पडलेला नव्हता. त्याने आधीच्या दोन चांगल्या गोष्टी उचलल्या आणि त्यांत बोलणारी माणसं घातली. माणसं म्हणजे परग्रहवासी, पण पोट्टे त्यांना माणसंच म्हणत.

तीन टेबलं

क्लासमध्ये तीन टेबलं, प्रत्येकावर दोन मशीन. कुणी आखून न देताही पोरांचे तीन गट पडले, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या तीन गटांतल्या फरकात आहे.

खिडकीकडच्या टेबलावर दोन भाऊ बसायचे. त्यांना कथेशी देणंघेणं नव्हतं. ते एका कीबोर्डवर चार हात ठेवून दुपारभर नुसते लढत. या टेबलाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे प्रश्नच उरला नाही. पहिल्या दुपारपासून शेवटच्या दुपारपर्यंत तिथून आरडाओरडा येत होता. एवढंच नोंदवतो की या लढाईची खरी गंमत असमानतेत आहे. शोफिक्स्टी जमातीचं चिमुकलं जहाज 5 गुणांचं, उर-क्वानांचं महाकाय जहाज 30 गुणांचं. पण छोट्याकडे स्वतःला उडवून घेण्याची सोय आहे. धाकटा भाऊ मोठ्याच्या जहाजाला जाऊन चिकटायचा, स्वतःसकट त्याचे निम्मे खलाशी उडवायचा आणि वर म्हणायचा, "पाच रुपयांत काम झालं बे." असा हिशेब जिथे जमतो तो खेळ जुना होत नाही. बुद्धिबळालाही नवं ग्राफिक्स लागलेलं नाही.

मधल्या टेबलावर नववीतला एक मुलगा आणि त्याचा दोस्त. सुरुवातीला हे दोघं सगळ्यांत उत्साही. पण या गेमची पहिली दोन-तीन तासांची वाट खडतर आहे, हे मान्य केलंच पाहिजे. जहाज बैलगाडीच्या वेगाने चालतं, वळता वळत नाही, इंधन मोजकंच. तापलेल्या ग्रहावर यान उतरवलं आणि आगीच्या लोळाने खाल्लं की आतले खलाशीही गेले, यानाचा खर्चही गेला. दोनदा-तीनदा असं झाल्यावर मुलाने खिशातून मोबाईल काढला. इंटरनेटवर या गेमची उत्तरं पायरी पायरीने लिहिलेली आहेत. कुठे जा, कुणाला काय म्हण, काय उचल. त्याने तसंच केलं, आणि झपाट्याने पुढे गेला. दुसऱ्या टेबलावरची मुलं जेव्हा सूर्याच्या आजूबाजूलाच चाचपडत होती, तेव्हा याच्याकडे वेगवान जहाज होतं, दोस्त जमाती होत्या.

आणि एके दिवशी तो खेळायचा थांबला. सरांनी विचारलं, काय झालं. "पुढचं मालूमच आहे ना सर. मग कायला खेळू?" दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीकडच्या टेबलावर, भावाभावांच्या लढाईत तिसरा गडी म्हणून.

भिंतीकडच्या टेबलावर अकरावीतली एक मुलगी, सगळे तिला ताई म्हणत, आणि तिच्यासोबत आठवीतला तिचा शेजारी, शिवाय बघे. पोरं सेमी-इंग्लिशवाली. पात्रं इंग्रजीत बोलायची, ताई ऐकून आणि वाचून बाकीच्यांना सांगायची, "तो म्हणून राहिला की त्यांचा ग्रह दुसऱ्यांनीच घेतला." आणि उत्तर कोणतं द्यायचं यावर मग मतदान. तिने पहिल्याच दिवशी सरांकडून एक मोठं रजिस्टर मागून घेतलं. रकाने आखले : कोण भेटलं, कुठे, काय बोललं, आणि शेवटचा रकाना, 'खरं का?' तो शेवटचा रकाना कुणी शिकवला म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगळेच काही खरं थोडी बोलत असतील काका."

रजिस्टरमधली पानं

पुढचं वाचण्याआधी सांगतो : ज्यांना हा गेम खेळायचा आहे, त्यांनी हा भाग सोडून द्यावा. एकदा कळलेलं परत न कळल्यासारखं करता येत नाही, आणि मधल्या टेबलावर नेमकं तेच झालं.

पहिली नोंद प्लूटोची. तिथे स्पाथी जमातीचा एक पहारेकरी, फ्विफो, एकटाच तैनात आहे. स्पाथी म्हणजे भित्रेपणा हाच धर्म मानणारी जमात. आठवीतल्या मुलाने परका दिसताच हल्ल्याचं बटण दाबलं आणि त्याला उडवलं. नोंद अशी : 'प्लूटो. हिरवा माणूस. मेला.' पुढे स्पाथींबद्दल इतर ठिकाणी ऐकायला मिळालं तेव्हा ताईने त्या ओळीखाली लाल पेनने लिहिलं, 'बोलायला पाहिजे होतं.' गेमने त्यांना काही सांगितलं नाही, गुण कापले नाहीत, 'तुम्ही चुकलात' असा फलक लावला नाही. एक दार बंद झालं आणि ते बंद झालंय हे कळायलाही वेळ लागला.

सगळ्यांत जास्त पानं भरली होती ती यंत्रांनी. अंतराळात जिथे तिथे एक स्वयंचलित यंत्र येऊन भिडतं. आपण शांततेसाठी आलो आहोत असं नम्रपणे जाहीर करतं आणि लगेच हल्ला करतं. हळू जहाजाला त्याच्यापासून पळता येत नाही. पोरं वैतागली. रजिस्टरमध्ये त्याचं नाव 'खोटारडं'. 'खरं का?' या रकान्यात सलग 'नाही, नाही, नाही'. त्यांनी आपापले तर्क मांडले : उर-क्वानांचं हेर आहे, कुणीतरी मुद्दाम सोडलंय, चोरांची टोळी आहे.

मग वेगवेगळ्या तोंडून मिळालेले धागे जोडत त्यांचं जहाज एका वायूच्या महाकाय ग्रहाशी पोचलं. तिथे स्लायलँड्रो राहतात, वायूत तरंगणारे, आपला ग्रह कधीच सोडू न शकणारे, अतिशय प्रेमळ आणि गप्पिष्ट. बाहेर जाता येत नाही म्हणून त्यांनी व्यापाऱ्यांकडून एक शोधयंत्र विकत घेतलं होतं. ते लवकर सगळीकडे पोचावं म्हणून यंत्राच्या प्रती यंत्राकडूनच बनवण्याच्या कामाला त्यांनी सर्वांत वरचा अग्रक्रम दिला. मग यंत्राला समोर येईल ते जहाज म्हणजे पुढच्या प्रतीसाठी कच्चा माल वाटायला लागलं. नम्रपणे बोलणारा भागही खरा आणि फाडून खाणारा भागही खरा. स्लायलँड्रोंना याची कल्पनाच नव्हती. ते उत्सुकतेने विचारतात की आमची यंत्रं भेटली का, लोकांना आवडतात का.

मी त्या दुपारी तिथे होतो. उत्तर द्यायचं मतदान झालं नाही. कुणालाच त्यांना सांगायचं नव्हतं. शेवटी ताईनेच सांगितलं, आणि त्यांच्याकडून त्या यंत्रांना नष्ट करणारा संकेत मिळाला. तिने मागची पानं उलटून 'नाही, नाही, नाही' खोडलं आणि प्रत्येक ठिकाणी 'हो' लिहिलं. क्लासमध्ये सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारे, सॉफ्टवेअरमधला बग म्हणजे काय हे पुस्तकातून पाठ करणारे त्यात दोघं होते. सर मला हळूच म्हणाले, "मी एवढ्या वर्षांत बग म्हणजे काय हे इतकं चांगलं समजावलेलं नाही."

ड्रूग नावाच्या व्यापारी जमातीचं पानही वाचण्यासारखं आहे. ते वस्तू देतात, मोबदल्यात तुमचे खलाशी गुलाम म्हणून मागतात. आठवीतल्या पोराला हा सौदा स्वस्त वाटला. खलाशी तळावर परत मिळतात ना! बरेच विकले. पृथ्वीच्या तळावर ही बातमी पोचते. प्रमुखाचा सूर बदलतो आणि नवे खलाशी महाग होतात. रजिस्टरमध्ये नोंद : 'कमांडरला मालूम झालं.'

हा गेम टिकतो कुठे

गणिती सूत्रावर कॉम्प्युटरकडून अफाट विश्व उभं करून घेणं ही नवी गोष्ट नाही. 1984 मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या 'एलिट'ने बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरच्या 32 किलोबाइटच्या मेमरीत 8 आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसवले. 2016 च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रहांची संख्या 18 वर 18 शून्यं इतकी आहे. दोन्ही गेम थोर आहेत. पण विश्व मोठं आहे एवढ्याने शोध लागत नसतो. 'स्टार कंट्रोल 2'मधलेही बहुतेक ग्रह सूत्रावरच बनलेले आणि ओसाड आहेत. तिथे खनिजाशिवाय काही नाही. हाताने रचलेल्या जागा मोजक्या. पण त्या मोजक्या जागा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एका जमातीने सांगितलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्या जमातीशी काय बोलायचं ते बदलतं. लग्नाचं स्थळ बघायला एका घरी गेलं की तिथल्या चहावर दुसऱ्या गावच्या घराचं नाव कळतं, आणि त्या दुसऱ्या घरी पहिल्याबद्दल भलतंच ऐकायला मिळतं, तसा हा प्रवास आहे. इथली खरी कमाई म्हणजे माहिती. तोफा, इंजिन, इंधनाच्या टाक्या ही पुढच्या माहितीपर्यंत पोचायची भाडी.

हे जर खरं असेल, तर मधल्या टेबलावर जे झालं त्याचा उलगडा होतो. मोबाईलवर वाचून खेळणाऱ्या मुलाने फसवणूक केली वगैरे मला म्हणायचं नाही. गेममध्ये जे मिळवायचं होतं ते त्याला आधीच मिळालं होतं. उरली होती ती हमाली. चित्रांवर टिकणारा गेम असता तर उत्तरं वाचूनही तो बघत बसला असता. लढाईवर टिकणारा असता तर तो मुख्य कथेतच लढत राहिला असता, टेबल बदललं नसतं.

दुसरी गोष्ट काळाची, आणि माझ्या मते हा या गेममधला सर्वांत धाडसी निर्णय आहे. इथे तारीख पुढे सरकत असते आणि विश्व तुमच्यासाठी थांबत नाही. मित्र झालेले स्पाथी काही काळाने स्वतःच्या ग्रहाभोवती ढाल ओढून आत बसतात आणि त्यांची जहाजं मिळणं बंद होतं. झॉक-फॉट-पिक नावाची दुसरी एक जमात आहे, ते मदतीची हाक देतात. गेला नाहीत तर संपतात. आणि सगळ्यांच्या मागे एक मोठं युद्ध चालू आहे : उर-क्वानांच्या दोन शाखा, सगळ्यांना गुलाम करणारी हिरवी आणि सगळ्यांना मारणारी काळी, कोहर-आ. तुम्ही मधे पडला नाहीत तर साधारण 4 वर्षांनी, 2159 च्या सुरुवातीला, कोहर-आ जिंकतात आणि एकेक जमात पुसत निघतात.

भिंतीकडच्या टेबलाला हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. एका पानावर 'काळे जिंकले तर सगळे मरतील' असं स्वच्छ अक्षरात आहे. पण सगळेच काही खरं बोलत नाहीत, आणि गेम त्यांनी बरेच पाहिलेले होते. गेममधलं संकट खेळाडू पोचेपर्यंत दाराशी उभं राहतं, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे ते निवांत खनिजं गोळा करत राहिले. मग एके दिवशी नकाशावरून एका जमातीचं वर्तुळ नाहीसं झालं. पुढे दुसरं. "अबे, हे तर खरंच मारून राहिले!" त्या टेबलाभोवती दुसऱ्या दोन टेबलांवरचीही पोरं जमली. धावाधाव झाली, पण वेळ गेलेली होती. पृथ्वी गेली, गेम संपला.

सरांना वाटलं, आता हे टेबलही रिकामं होणार. इतक्या दुपारी घातलेला खेळ वाया गेल्यावर आजचा कुठलाही मुलगा शिव्या देऊन उठेल. ताईने मात्र नवा खेळ सुरू केला आणि रजिस्टर पहिल्या पानावर उघडलं. जुनी फाईल कामाची नव्हती, पण रजिस्टर होतं. प्लूटोवर या वेळी बोलणं झालं. फ्विफो जहाजावर आला. इंधन आणि इंजिन आधी, तोफा नंतर. युद्ध लांबवायला कुणाची मदत होते हे पहिल्या खेपेच्या शेवटी शेवटी कळलं होतं, म्हणून उटविग आणि सुपॉक्स या जमातींकडे लवकर. काही संवाद आधीचं ऐकल्याशिवाय उघडत नाहीत, तेवढी सूट गेम देत नाही. पण जागा माहीत असली की तिथे थेट जाता येतं. पहिल्या खेपेला जे करायला बहुतेक मे महिना गेला, ते दुसऱ्या खेपेला काही दुपारींत झालं. जहाज पहिल्यासारखंच खटारा होतं, शहाणे झाले होते ते त्यातले खलाशी.

संगीताबद्दल दोन शब्द. बनवणाऱ्यांनी त्यातलं बरंच संगीत तेव्हाच्या इंटरनेट गटांवर खुली स्पर्धा लावून मिळवलं, आणि प्रत्येक जमातीला वेगळी चाल आहे. पोरं पाठ करून असत. खिडकीकडून लढणारा मुलगा मान न वळवता सांगायचा की भिंतीकडे आता कोण भेटलंय.

न टिकलेलं

खनिजं गोळा करणं कंटाळवाणं आहे. पहिले पाच ग्रह मजा येते, पन्नासाव्याला नाही. स्वस्त धातूच्या एका मापाला 1 आणि सर्वांत दुर्मीळ प्रकाराला 25 असा भाव आहे, म्हणजे शहाणा खेळाडू लवकरच स्वस्त ग्रहांवर उतरणं सोडतो. तरीही सुरुवातीला ही हमाली चुकत नाही. भिंतीकडच्या टेबलावर हे काम आपोआप आठवीतल्या पोराकडे गेलं आणि ताई तेवढ्या वेळात रजिस्टर लिहायची. दोघांत विभागलं म्हणून निभावलं. एकट्या खेळाडूची या बाबतीत मला कीव येते.

सायरीन नावाची जमात, म्हणजे निळ्या कातडीच्या, अर्धवट कपड्यांतल्या बायका आणि त्यांच्याशी होणारी लाडीगोडी, हे 1992 च्या अमेरिकेतल्या मुलग्यांसाठी लिहिलेलं आहे आणि ते तसंच दिसतं. ताईने पडद्याकडे बघून विचारलं, "हिला थंडी नाही वाजत का?" आणि पुढचं उत्तर निवडलं. त्या जमातीची मूळ कथा चांगली आहे, म्हणून जास्त खटकतं.

कामांची यादी नसणं हा मी वर गुण म्हणून मोजला. पण तो गुण रजिस्टरमुळे झाला. वही न ठेवणाऱ्या मुलाला तीच गोष्ट भिंतीसारखी लागली आणि त्याने मोबाईल काढला. 1992 च्या खेळाडूला वही घेऊन बसायची सवय होती, डब्यात ताऱ्यांचा कागदी नकाशाही मिळायचा. आज हा गेम कुणाच्या हातात द्यायचा असेल तर सोबत वही आणि पेन द्यावं, हे मी अगदी व्यवहाराचं म्हणून सांगतो.

पुढे काय

जूनअखेर शाळा उघडल्या तेव्हा दुसरा खेळ शेवटच्या लढाईच्या अलीकडे होता. तो ताईने जुलैतल्या रविवारी पूर्ण केला. आता दिवाळीच्या सुट्टीत नवी मुलं येणार आणि प्रश्न आहे त्या रजिस्टरचं काय करायचं. सरांचं मत, कपाटात ठेवा, ते दिलं तर मधल्या टेबलाची गोष्ट तीनही टेबलांवर होईल. मी म्हणत होतो की निदान पहिली काही पानं द्यावीत, नाहीतर सुरुवातीच्याच खडकाळ वाटेवर निम्मे गळतील. बराच वेळ आमचं जमेना. ताईने ते रजिस्टर आमच्या हातातून घेतलं, कात्रीने मागची काही पानं नीट कापली आणि वेगळी स्टेपल केली. ती खनिजांची यादी होती : कुठल्या ताऱ्याभोवती महागडे धातू आहेत, कुठल्या ग्रहावर यान जळतं, कुठे उतरण्यात अर्थ नाही. "एवढं द्या त्यांना सर. बाकीचं नका देऊ." दिवाळीला तसंच करायचं ठरलं आहे.